घारीवर फतवा काढण्याआधी खुराड्याचं दार लावा

यंदाच्या फेब्रुवारीत आमच्या मोहल्ल्यात चार दिवसांत दोन घारी, अकरा कावळे, एक पाळलेली कुत्री आणि तीन कोंबड्या मेल्या. कोंबड्यांचा आकडा शेवटी सांगतोय, कारण हा सगळा उद्योग कोंबड्या वाचवण्यासाठी केला होता.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या अलीकडे. पन्नासेक घरं. निम्मे पुरुष आखातात, उरलेल्यांतले बरेचसे मुंबईत. घरात बायका, म्हातारे, पोरं आणि परसात कोंबड्या. शेजारच्या भाभीची खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती, त्यातून अकरा पिल्लं निघाली. आठ दिवसांत सहा गेली. चार तरी घारीनं नेलेली भाभीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तिचा मुलगा कुवेतहून सुट्टीवर आला होता. त्यानं कोंबडीच्या दुकानातून आतडी-कातडी आणली, त्यात भाताला टाकायचं दाणेदार औषध कालवलं आणि मागच्या गडग्यावर ठेवून दिलं.

त्या दिवशी त्याच्या हातातली औषधाची पुडी मी पाहिली होती. उंदरांसाठी असेल म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं. हा लेख दुसऱ्यांना बोल लावण्यासाठी लिहितोय, तेव्हा माझं हे आधीच सांगून टाकतो.

घारी मेल्या त्या आमच्या हद्दीतल्या रायवळ आंब्यावर घरटं करणाऱ्या होत्या. घरट्यातून दोन दिवस बारीक आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी थांबला. कुत्री एका विधवा फुफीची होती, तिच्या दारात रात्रभर तडफडत होती. आणि कोंबड्या भाभीच्याच. कावळ्यानं उचललेला तुकडा तिच्याच खळ्यात पडला, तो त्यांनी टोचला.

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पडवीत मी हा विषय काढला. मुलगा शरमेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, “चाचा, घार मारायची परवानगी हदीसमध्ये आहे.” जमातचे एक बुजुर्ग शेजारी बसले होते, त्यांनी मान डोलावली. विषय तिथं संपला. निदान त्या दोघांच्या मते.

माझ्या मते संपलेला नाही.

पण त्या मुलाशी भांडण्याआधी दुसऱ्या बाजूचा निकाल लावतो. नाहीतर काही वाचक खूश होऊन पुढचं वाचायचे नाहीत. मी इथं पक्षीप्रेमाचा झेंडा घेऊन उभा नाही. गेल्या वर्षी पुण्याहून एक पाहुणे आले होते, गळ्यात दुर्बीण. भाभी पिल्लू गेल्याचं सांगत होती तर म्हणाले, “ताई, हे निसर्गाचं चक्र आहे.” भाभीनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, “तुमची स्कूटर कुणी नेली तर तेही चक्रच का?” गृहस्थ हसले. भाभी हसली नव्हती.

हिशेब करून बघा. आमच्याकडे गावठी अंडं पंधरा रुपयांना जातं. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. सहा पिल्लांतल्या तीन तलंगा निघाल्या असत्या, तीन कोंबडे. कोंबडा सणासुदीला सातशे-आठशेला हातोहात जातो. म्हणजे घारीनं आणि आणखी कुणी जे नेलं ते वर्षभरात पाच हजारांच्या घरात गेलं असतं. आता हे पाच हजार कुणाचे? आखातातून येणारा पैसा दिराच्या खात्यावर येतो, तिथून सासऱ्याच्या हातात, तिथून किराण्याच्या दुकानात. अंड्यांचा पैसा तेवढा बाईच्या हातात पडतो. त्यातून भिशीचा हप्ता जातो, मुलीची कंपासपेटी येते, माहेरी जायचं एसटीचं भाडं निघतं. त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. माझ्या आईनं मला डीएडला पाठवलं तेव्हा पहिली फी या पैशातून भरली होती, अब्बांना न सांगता. तेव्हा पिल्लू नेलं म्हणून रडणाऱ्या बाईला निसर्गाचं चक्र शिकवू नका. बिबट्यानं शेळी मारली तर वन खात्याकडे भरपाईचा अर्ज तरी करता येतो. घारीनं पिल्लू नेलं तर कुठं जायचं?

भाभीचा राग खरा आहे, एवढं मान्य करून पुढे जाऊ.

आता हदीस. हदीस आहे, आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कावळा, घार, विंचू, उंदीर आणि चावरा कुत्रा हे पाच उपद्रवी जीव एहरामच्या अवस्थेतही मारता येतात, असा तिचा आशय आहे. एहराम म्हणजे हज-उमऱ्याची ती अवस्था, ज्यात माणसाला शिकार हराम असते. हत्यार खाली ठेवलेल्या त्या माणसावर विंचू चढला, कुत्रा धावून आला, घारीनं हातातला घास नेला, तर त्यानं काय करावं, या अडचणीची ती सोडवणूक आहे. म्हणजे ही सवलत झाली. सवलतीचा हुकूम कधी झाला? प्रवासात नमाज कमी करायची सवलत आहे म्हणून कुणी घरात बसून नमाज कमी करत नाही.

कुणी म्हणेल, आपण कोकणी मुसलमान शाफई, आणि शाफई फकीहांनी या हदीसचा अर्थ बराच मोकळा लावला आहे. हे मला ठाऊक आहे. इमाम मालिक यांनी या सवलतीचं कारण उपद्रवात शोधलं, इमाम शाफई यांनी वेगळं सांगितलं. मदरशात शिकलेले लोक माझ्यापेक्षा हे चांगलं जाणतात, त्यांनी खुशाल माझी चूक दाखवावी. मी एका शिक्षकाच्या अकलेनं बोलतोय. घटकाभर धरून चालू की घार मारणं सरसकट जायज आहे.

मग विषाचं काय?

जनावर मारायचंच तर त्याला कमीत कमी यातना होतील असं मारा, सुरीला धार लावा, ही शिकवण आपण दर बकरी ईदला पोरांना सांगतो. जिवंत प्राणी बांधून त्यावर नेम धरायला मनाई आहे. दुसऱ्याला अपाय होईल असं काही करू नका, हा तर फिकहचा पायाच. फुफीची कुत्री त्या पाचांच्या यादीत कुठं होती? ती कुणाला चावली नव्हती. भाभीच्या तीन कोंबड्या कुठल्या यादीत होत्या? गडग्यापलीकडे अंगणवाडीला जायची वाट आहे आणि मुलं वाटेत दिसेल ते उचलून बघतात. विषाला घार आणि मूल यांतला फरक कळत नाही. ज्यानं विष ठेवलं त्याला कळायला हवा होता.

आणखी एक गंमत बघा. त्याच यादीत उंदीरही आहे. घार काय खाते? कचरा, मेलेलं जनावर, सरडे आणि उंदीर. यादीतला एक दुसऱ्याला खातो. घार मारून तुम्ही उंदराला मोकळं रान देताय, आणि मग उंदरासाठी पुन्हा तीच पुडी आणणार. माझ्या भाताच्या कणगीला मार्चपासून किती भोकं पडली ते बघायला या.

आपल्या सोयीची एक हदीस उचलायची आणि शेजारच्या चार झाकून ठेवायच्या, ही आपली जुनी खोड आहे. एका पाखराची पिल्लं कुणी उचलली तेव्हा कासावीस झालेल्या आईला पाहून पैगंबरांनी ती परत ठेवायला लावली, ही अबू दाऊदमधली हदीस त्या पडवीत कुणाला आठवली नाही. आणि उंटाची गोष्ट तर लहान पोरालाही पाठ असते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं एकानं विचारलं, तेव्हा आधी बांधायला सांगितलं गेलं. कोंबडीच्या बाबतीत उंट बांधणं म्हणजे काय? डालगं.

माझ्या दादीकडे दोन डालगी होती, बांबूची, गुडघ्याएवढी उंच. पिल्लं निघाली की कोंबडीसकट त्याखाली. वर एक दगड. सकाळ-संध्याकाळ तासभर मोकळी, तेही दादी खळ्यात तांदूळ निवडत बसलेली असताना. दीड महिना हा क्रम. मग पिल्लांना पंख फुटायचे, पळता यायचं. आता मोहल्ल्यात डालगं कुणाकडे आहे? विणणारे राहिले नाहीत हे एक. पण दुकानात प्लॅस्टिकच्या मोठ्या टोपल्या मिळतात, त्या आपण धुण्याच्या कपड्यांसाठी घेतोच. पिल्लांना मात्र सकाळी सातला मोकळं सोडायचं, दुपारी मालिका बघायची आणि संध्याकाळी मोजायचं. मोजणी चुकली की घार.

घारच का? कारण ती दिसते. मी मास्तर माणूस, वही ठेवायची सवय. गेल्या तीन वर्षांत माझ्याकडच्या लहानमोठ्या मिळून एकवीस कोंबड्या गेल्या. त्यातल्या नऊ एकाच आठवड्यात मानमोडीनं. चार मुंगसानं, भरदिवसा. दोन रात्री गेल्या, त्या कांडेचोरानं नेल्या असाव्यात, कारण खुराड्याची फळी मी लावली नव्हती. दोन शेजारच्या बोक्यानं. घारीनं नेली तीन पिल्लं आणि शिक्र्यानं एक. एकवीसमध्ये चार. उरलेल्या सतरांसाठी कुणी मशिदीत हदीस काढली नाही.

आणि पूर्ण वाढलेली कोंबडी घारीनं उचलून नेली, असं सांगणारे भेटतात तेव्हा मी फक्त ऐकून घेतो. घारीचं स्वतःचं वजन पाऊण किलोच्या आसपास, फार तर किलोभर. सव्वा-दीड किलोची कोंबडी घेऊन ती उडणार कशी? शिक्रा तर कबुतराएवढा. तो झाडीत लपून बसतो, अचानक झेप घालतो आणि लहान पिल्लू उचलतो. पिसांचा ढीग पडलाय, रक्ताचा माग झुडपाकडे गेलाय, तर तिथं चार पायांचं कुणीतरी आलं होतं. रात्रीत कोंबडी नाहीशी झाली तर घारीचं नाव घेऊच नका, ती तेव्हा झोपलेली असते. हे सगळं आपल्या आज्यांना माहीत होतं. त्या खुराड्यापाशी वाकून माती बघायच्या. आपण वर आभाळात बघतो आणि निकाल देतो.

मानमोडीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा मारेकरी तोच आहे. यालाच राणीखेत म्हणतात. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट हगवण लागते, आणि बघता बघता खुराडं रिकामं. त्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, मग दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन. महाग नाही. अडचण वेगळी आहे. बाटली शंभर मात्रांची येते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. भाभीकडे अकरा पिल्लं. ती शंभराची बाटली घेऊन काय करणार? म्हणजे दहा-बारा घरांनी एक सकाळ ठरवायची, सगळ्यांनी आपापली पिल्लं घेऊन एका खळ्यात जमायचं, एकानं बर्फाच्या थर्मासात बाटली आणायची. बस, एवढंच. हे आमच्या मोहल्ल्यात आजवर एकदाही झालेलं नाही. जमातीच्या निवडणुकीला मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं येतात. मशिदीच्या नव्या कमानीसाठी सहा बैठका झाल्या. कोंबड्यांच्या लसीसाठी बैठक घ्या म्हटलं की लोक हसतात. बायकांचं काम आहे ना ते.

आता घार आपल्या घरावर येते का, त्याकडे वळू. ती आपणच बोलावलेली पाहुणी आहे. आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला कोंबडीची दोन दुकानं आहेत, त्यांची रोजची घाण खाडीच्या काठावर उघडी पडते. बकरी ईदला तीन दिवस काय होतं ते मी सांगायला नको. आतडी, पोटातली घाण, कातड्याचे तुकडे. खड्डा खणून, चुना टाकून पुरणारी घरं मी बोटांवर मोजू शकतो. उरलेली पिशवीत बांधून ओढ्यात. घारी, कावळे आणि कुत्री तिथं जमणार नाहीत तर कुठं जमतील? एकदा जागा सापडली की घार तिथंच घरटं करते. आमच्या भागात त्यांचा पिल्लं वाढवायचा काळ थंडी-उन्हाळ्याचा, आणि आपल्या खुडुका बसतात त्याही याच दिवसांत. तिच्या घरट्यात दोन तोंडं आ वासून बसलेली, खाली आपलं खळं उघडं आणि त्यात अकरा पिवळे गोळे. वर्षभर दस्तरखान मांडायचा आणि एक दिवस पाहुण्यानं भलत्या ताटात हात घातला म्हणून त्याला विष घालायचं. यालाच आपण न्याय म्हणतो आहोत. तिकडे आपल्या सणावर बोट ठेवायला टपलेले लोक आहेत हे मला कळतं. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून आपल्या ओढ्यातली घाण साफ होत नाही.

जुन्या दिल्लीत मुसलमान घारींना मांसाचे तुकडे हवेत उडवतात. सदका म्हणून. सवाब मिळतो, बला टळते, अशी श्रद्धा. मला त्या श्रद्धेबद्दल फारसं म्हणायचं नाही, पण घारीकडे बघायचा हा एक रिवाज आहे आणि तोही मुसलमानांचाच. त्याच दिल्लीत वजिराबादला नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोन भाऊ आहेत. पतंगाच्या मांज्यानं पंख कापल्या गेलेल्या घारी ते गोळा करतात, टाके घालतात, बऱ्या झाल्या की सोडतात. घराच्या तळघरात त्यांनी हे सुरू केलं. सुरुवातीला जखमी घार घेऊन ते पक्ष्यांच्या एका दवाखान्यात गेले होते, तर हा मांसाहारी पक्षी आहे म्हणून तिथं उपचार मिळाले नव्हते. या भावांवर शौनक सेन यांनी २०२२ साली ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट केला. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. मांस खातो म्हणून दारातून परत पाठवणं म्हणजे काय, हे या देशात आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. भाड्यानं घर शोधलेल्या प्रत्येकाला ते कळतं. तीच घार आपल्या दारात आली तर आपण काय केलं?

त्या मुलाच्या मोबाइलवरचा डीपी सांगतो. मनगटावर बसलेला बाज, मागे वाळवंट. आखातात बाजांना पासपोर्ट असतात, अबुधाबीत त्यांच्यासाठी १९९९ पासून स्वतंत्र इस्पितळ आहे. आमची मुलं तिथं ड्रायव्हर म्हणून, एसी मेकॅनिक म्हणून जातात, शेखच्या बाजाबरोबर फोटो काढतात आणि खाली इक़बालचा शाहीन लिहितात. शाहीन म्हणजे उंच उडणारा, कुणापुढे न झुकणारा मोमीन, वगैरे. घरी आल्यावर त्याच बाजाच्या नात्यातल्या पाखराला आतड्यातून विष. शाहीन शेरात चांगला, डीपीवर चांगला. आंब्यावर बसला की हरामखोर.

कायद्याचंही एका वाक्यात सांगून टाकतो, कारण ते कुणी सांगत नाही. घार, शिक्रा, घुबड, मोरघार या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विष घालणारा तुरुंगात जाऊ शकतो. आखातात जायचा व्हिसा असलेल्या मुलावर पोलिस केस म्हणजे काय, याचा विचार त्यानंही केला नव्हता आणि मान डोलावणाऱ्या बुजुर्गांनीही.

माझ्या लहानपणी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की दुपारपर्यंत गिधाडं यायची. आमच्या शाळेच्या खिडकीतून दिसायची, माडांच्या शेंड्यांवर पंख पसरून बसलेली. आम्ही त्यांना घाबरायचो आणि नावं ठेवायचो. मग ती दिसेनाशी झाली. जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं ती मेली, हे कळेपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरातलं एकही धड उरलं नव्हतं. २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली. आता गिधाड बघायचं तर म्हसळ्याकडच्या चिरगावला जावं लागतं. गिधाडं आपण अजाणता मारली. कुणाला ठाऊक नव्हतं. मेलेलं ढोर आता कुत्री खातात आणि कुत्री वाढलीत, ती पोरांच्या मागे लागतात, मग त्यांनाही कुणीतरी तीच पुडी घालतं. घारीच्या बाबतीत ‘ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय आपल्याला नाही.

मग करायचं काय, असं भाभीनं मला रोखठोक विचारलं. उपदेश नको, उपाय सांगा. मी तिला जे सांगितलं ते इथं लिहितो.

पिल्लं दीड महिना झाकून. खाणं उघड्या खळ्यात टाकायचं नाही, जास्वंदीच्या किंवा केळीच्या आडोशाला टाकायचं, म्हणजे वरून झेप घालायला मोकळी वाट राहत नाही. खळ्याच्या एका कोपऱ्यावर जुनं मासेमारीचं जाळं, बारीक आसाचं, ताणून बांधलेलं. सैल बांधलं तर त्यात पाखरं अडकून मरतात, साप अडकतो, ते नको. जुन्या सीड्या टांगायचा उपाय मीही केला, चार दिवस चालतो, मग घार त्यावर येऊन बसते. कोतवाल पक्ष्यानं घराजवळच्या झाडावर घरटं केलं असेल तर त्या झाडाला हात लावू नका. एवढंसं काळं पाखरू घारीच्या पाठीवर बसून तिला गावाबाहेर घालवतं, मी कितीदा पाहिलंय.

आणि कोंबडा विकू नका. हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि हेच कुणी ऐकत नाही. अंडी देत नाही, खायला मात्र लागतो, म्हणून कोंबडा आधी बाजारात जातो. पण आभाळ राखतो तो. वर घार दिसली की तो एक बारीक, लांब आवाज काढतो, शिटीसारखा, आणि खळं क्षणात रिकामं होतं. मुंगूस किंवा कुत्रा दिसला तर आवाज वेगळा, तुटक, कटकट केल्यासारखा, आणि तेव्हा कोंबड्या लपत नाहीत, माना वर करून बघतात. आभाळातल्या आणि जमिनीवरच्या धोक्यासाठी कोंबडा दोन वेगळे आवाज काढतो हे शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिलंय. माझा तांबडा तीन वर्षांचा आहे, मांस चिवट, विकायला गेलो तर कुणी घ्यायचं नाही. त्याच्या राज्यात घारीनं तीन पिल्लं नेली आणि ती तिन्ही तो पायाला जखम होऊन खुराड्यात पडला होता त्या पंधरवड्यातली. फजरला उठवतो म्हणून कोंबड्याला शिव्या देऊ नये, असं आपल्याला सांगितलंय. माझा तर फजरच्या कितीतरी आधी आरवतो, तरी मी देत नाही.

हे सगळं करूनही एखादं पिल्लू जाईल. जाणारच. भाभीला मी तसं सांगितलं. अकरातलं एक गेलं तर तिला चालेल म्हणाली, सहा गेलेली चालणार नाहीत. हा व्यवहार मला पुण्याच्या पाहुण्यांपेक्षा आणि पडवीतल्या बुजुर्गांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

मुलगा कुवेतला परत गेला. जाण्याआधी फुफीच्या घरी गेला होता, काय बोलला ते मला माहीत नाही, फुफीनंही सांगितलं नाही. परवा त्याचा फोन आला. हर्णैला त्याच्या ओळखीचा एक खलाशी आहे, जुनं जाळं त्याच्याकडे मिळेल म्हणाला, पैसे तो पाठवेल. हदीसबद्दल तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही.

भाभीची दुसरी खुडूक बारा अंड्यांवर बसलीय. सोमवारी एकवीस दिवस होतात. लासोटाची बाटली तालुक्याहून आणायचं मी कबूल केलंय. त्यासाठी निदान आठ घरांची पिल्लं हवीत, आतापर्यंत पाच घरं तयार झालीत. जाळं आलं आहे. ते ताणायला पोफळीचे दोन सोट कमी पडतायत, कुणाच्या वाडीत पडून असतील तर कळवा.